आमची वाटचाल : एका चौकटीतून अकरा मिनिटांत

मी मुळात छापील व्यंगचित्रकार. एक चौकट, दोन माणसं, खाली एक ओळ. टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये शिरलो ते इनबिटवीनर म्हणून, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर. ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर मोजक्या की-पोझ, म्हणजे हालचालीतल्या मुख्य स्थिती, काढतात आणि त्यांच्या मधली चित्रं इनबिटवीनरने भरायची. रेष दुसऱ्याची, पात्र दुसऱ्याचं, विनोदही दुसऱ्याचाच. चित्राखाली स्वतःची सही करायची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं. पण मॉडेल शीट, म्हणजे पात्र नेमकं कसं काढायचं ते ठरवून देणारा नमुना, बघून तेच नाक, त्याच उंचीवर, शेकडो वेळा काढल्यावर हाताला जी शिस्त लागते ती दुसऱ्या कशानेही लागत नाही. छापील कामात पात्राचं नाक रोज थोडं इकडेतिकडे झालं तर वाचक ती शैली समजतात. पडद्यावर ते नाक थरथरतं.

टीव्हीचा नेहमीचा छोटा एपिसोड अकरा मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १५,८४० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं, ज्याला आम्ही ‘ऑन टूज’ म्हणतो, तरी ७,९२० चित्रं उरतात. दोन पात्रं असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा. एवढं सगळं काढायला टीव्हीकडे ना वेळ असतो ना पैसा. म्हणून या धंद्यात काय हलवायचं यापेक्षा काय हलवायचं नाही, हे ज्याला आधी सुचतं तो टिकतो. व्यंगचित्रकाराला ते सुचतं, कारण एका स्थिर चौकटीत सगळं सांगण्यातच त्याची उमेदवारी गेलेली असते. आमचा स्टुडिओ या एका समजुतीवर उभा राहिला.

ही समजूत आमची नव्हे, जुनीच आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा १९४० पासून एमजीएम या अमेरिकी सिनेकंपनीसाठी ‘टॉम अँड जेरी’ करत होते. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग गुंडाळला आणि त्याच वर्षी या दोघांनी स्वतःची कंपनी काढून टीव्हीचं काम धरलं. सिनेमाच्या मानाने मिळणारे पैसे तुटपुंजे, तेव्हा त्यांनी हालचालीलाच कात्री लावली. धड स्थिर, हलणार ते तोंड, पापण्या, एखादा हात. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आठवा. ती नुसती शोभेची नाही. डोकं धडापासून वेगळ्या सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक फिल्मवर, काढता यावं आणि जोड दिसू नये, हे तिचं खरं काम. अनेक जाणकार या पद्धतीला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. कॉलर सुचणं हे मला चांगल्या विनोदाइतकंच अवघड वाटतं.

स्टुडिओ काढला तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी, आणि माझी भागीदार, जी एडिटर आहे. अ‍ॅनिमेशन करायचंच नाही, फक्त स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं, म्हणजेच बोर्ड) आणि अ‍ॅनिमॅटिक (तीच चित्रं आवाजावर लावलेली कच्ची फिल्म) करून द्यायचे, असं ठरवलं. त्यामागे आदर्श वगैरे काही नव्हता. माणसं ठेवायला पैसे नव्हते. पण निर्णय लागू पडला. एपिसोडचा खर्च बोर्डवरच ठरतो आणि बऱ्याच ठिकाणी बोर्डला मात्र उरलासुरला वेळ मिळतो.

उदाहरण देतो. पटकथेत एक ओळ असते : ‘काका जिन्यावरून गडगडत खाली येतात.’ लिहायला एक ओळ. काढायला फिरतं शरीर, बदलते कोन, उडणारं धोतर किंवा कोट. आम्ही बोर्डवर काका वरच्या पायरीवर दाखवतो, नजर खाली गेलेली. ती पोझ जरा जास्तच वेळ धरून ठेवायची. मग थेट खाली बसलेल्या कुत्र्याचा क्लोज-अप. आवाज गडगडण्याचा, आणि कुत्र्याची बुबुळं वरून खाली सरकताहेत. हलली फक्त दोन बुबुळं. आणि हसू जास्त येतं, कारण पडणं प्रेक्षकाने मनात रंगवलेलं असतं. अशा जागी किती वेळ थांबायचं हे मात्र रेषेवरून कळत नाही. ते आमची भागीदार अ‍ॅनिमॅटिकमध्ये, कच्च्या आवाजावर बोर्डची चित्रं लावून ठरवते. चार फ्रेम कमी केल्या की विनोद पडतो किंवा उभा राहतो. आमचे सगळ्यात कडाक्याचे वाद या चार फ्रेमवरून झाले आहेत आणि बहुतेक वेळा तीच बरोबर निघाली.

पुढे पूर्ण एपिसोडची कामं येऊ लागली आणि माणसं वाढली. कागद, तो जागेवर धरणारा पेग बार आणि खालून उजेड देणारा लाइट बॉक्स जाऊन टॅबलेट आले. आता पात्राचा रिग, म्हणजे सुट्या भागांची संगणकातली बाहुली, बांधतात : डोकं, धड, दंड, पंजे वेगवेगळे, भुवया वेगळ्या, तोंडाच्या ठरलेल्या आकारांचा संच. प, ब, म आला की मिटलेले ओठ, आ आला की उघडा जबडा, असं आवाजाच्या पट्टीवर बसवत जायचं. काम झपाट्याने होतं, पण त्यात एक खोट आहे. रिगमधलं पात्र लवकरच कातरलेल्या पुठ्ठ्यासारखं वावरायला लागतं. म्हणून प्रसंगातली कळीची पोझ रिग मोडून नव्याने काढायची, हा आमच्याकडचा नियम आहे. वेळापत्रक बघणाऱ्याला तो आवडत नाही. त्याची भरपाई बाकीचे शॉट स्थिर ठेवून होते.

रिटेक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या कामाबद्दल थोडक्यात. ‘जरा अजून मजेदार करा’ या शेऱ्यापायी एका ग्राहकाने आमचा तयार एपिसोड पुन्हापुन्हा परत पाठवला होता. तेव्हापासून करारात अ‍ॅनिमॅटिकवर सही घेतो. त्यानंतरचा बदल वेगळ्या बिलाने.

हक्कांचा विषय मात्र लांबवावा असा आहे, कारण दुसऱ्यासाठी काम करणारा स्टुडिओ कितीही चालला तरी पात्र त्याचं नसतं. अमेरिकी व्यंगचित्रकार मॅट ग्रोनिंग छापील चित्रमालिका काढत. टीव्हीकडून विचारणा झाली तेव्हा तिची मालकी हातची जाईल म्हणून त्यांनी ऐनवेळी वेगळंच कुटुंब काढून दिलं. तेच सिम्पसन्स. १९८७ मध्ये ते ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात छोट्या तुकड्यांत आले आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्यांची स्वतंत्र मालिका झाली. दुसरीकडे ओसामू तेझुका. हाही चित्रकथाकारच. स्वतःचं पात्र, स्वतःची कंपनी. १ जानेवारी १९६३ ला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ जपानच्या टीव्हीवर सुरू झालं, तेही ठेवणीतली चित्रं पुन्हापुन्हा वापरून आणि हालचाल आवरून. एपिसोड टीव्हीला स्वस्तात दिले होते. त्यांची मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेझुका त्याआधीच बाहेर पडले होते. पात्र अजरामर झालं म्हणून कंपनीचा पगार भागतोच असं नाही. आमच्या लेखापालाला हे सांगावं लागत नाही, मला मात्र अधूनमधून लागतं.

नव्या मुलांना घेताना शोरील, म्हणजे त्यांच्या निवडक कामाची फिल्म, बघतो, पण त्यावर निकाल देत नाही. शोरीलमध्ये सगळे जण धावणं, उड्या, तलवारबाजी भरून आणतात. आम्ही संवादाशिवाय तीन चौकटींचा विनोद काढायला देतो आणि तिसरी चौकट झाकून दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो. पुढे काय होणार याची त्याला उत्सुकता वाटली, तर उमेदवार बोर्डवर बसतो. सॉफ्टवेअर शिकवता येतं.

सध्या दुसऱ्यांची कामं चालू ठेवून स्वतःची एक मालिका उभी करतोय. बायबल, म्हणजे मालिकेची पात्रं आणि जग मांडणारी वही, आणि पायलटचं, म्हणजे नमुना एपिसोडचं, अ‍ॅनिमॅटिक तयार आहे. पात्राला गळाच ठेवलेला नाही, म्हणजे कॉलरने जोड लपवायचाही प्रश्न नाही, आणि मालिका बिनसंवादाची आहे, म्हणजे कुठल्याही भाषेच्या वाहिनीला डबिंगशिवाय देता येईल. एका वाहिनीने रस दाखवलाय, पण पात्र थोडं बोललं तर बरं, असं त्यांचं म्हणणं. लिप-सिंकचा, म्हणजे ओठ आवाजाशी जुळवण्याचा, वाढीव खर्च मांडून आम्ही उत्तर पाठवलं आहे.