वास्पवरची स्पिटफायर, अपडेट ७: डावा पंख परत प्लास्टिकपर्यंत

मंडळी, मागच्या वेळी मी लिहून बसलो होतो की आता फक्त निळा मारायचा राहिलाय, पुढच्या अपडेटला डिकल्सचे, म्हणजे विमानावरच्या खुणांच्या स्टिकर्सचे फोटो. ते विसरा. डावा पंख वरच्या बाजूने परत उघड्या प्लास्टिकवर आलाय, टेबलाखालची टोपली निळ्या झालेल्या इअरबड्सनी भरलीय, आणि तरीही गेल्या दीड महिन्यात मी आजच्याइतका खूश नव्हतो. का ते सांगतो, पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मॉडेल तेच, एडुआर्ड कंपनीची १/४८ प्रमाणातली स्पिटफायर, मार्क फाइव्ह-सी प्रकारची, नाकाखाली तो व्होक्सचा धूळ अडवणारा बोजड फिल्टर. यूएसएस वास्प या विमानवाहू जहाजावरून दुसऱ्या महायुद्धात माल्टा बेटाला गेलेल्यांपैकी एक करायची हे सुरुवातीपासून ठरलेलं. विमान ब्रिटिश, जहाज अमेरिकन, पायलट निम्म्या जगातून आलेले, आणि माल्टा रोज बॉम्ब खातंय. २० एप्रिल १९४२ ला पहाटे वास्पने आधी आपल्या ११ वाइल्डकॅट लढाऊ विमानं वर पाठवली पहारा द्यायला, तोवर खाली हँगरमध्येच स्पिटफायरची इंजिनं गरम करत ठेवलेली, मग मागच्या लिफ्टने एकेक वर आणायची आणि सोडायची. ४७ उडाल्या, ४६ पोचल्या, आणि पुढच्या काही दिवसांत जर्मनांनी त्यातल्या बहुतेक जमिनीवरच निकामी केल्या. म्हणून ९ मेला वास्प परत आली, या वेळी सोबत ब्रिटिशांचं विमानवाहू जहाज एचएमएस ईगल. हे सगळं आधी लिहून झालंय, इथे एवढंच पुरे.

आता आपलं जुनं दुखणं, निळा रंग.

ही विमानं ब्रिटनहून निघाली तेव्हा डेझर्ट स्कीममध्ये होती, वरून डार्क अर्थ आणि मिडल स्टोन, खालून अझूर ब्लू. वाळवंटात ठीक आहे, पण ६०० मैलांच्या वर समुद्रावरून उडायचं तर तो पिवळट मिडल स्टोन लांबून दिसणार, म्हणून अनेक विमानांवर वरून गडद निळसर रंग चढवला गेला. हा रंग नेमका कुठला, जहाजावर मारला का आधी ग्लासगोला बंदरात, यावर आपल्या लोकांची इतकी वर्षं भांडणं चालू आहेत. कोणी म्हणतं अमेरिकन नेव्हीचा ब्लू-ग्रे, जो त्यांच्या वाइल्डकॅटवर वरच्या बाजूला असायचा, कोणी म्हणतं ब्रिटिश एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, कोणी डार्क मेडिटरेनियन ब्लू. फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट.

मी तिन्ही मारून बघितले, पेंट म्यूलवर, म्हणजे त्या जुन्या फुटक्या हरिकेनच्या पंखावर. सी ग्रे मारला की थेट फ्लीट एअर आर्मचं, म्हणजे ब्रिटिश नौदलाचं विमान दिसायला लागतं. ब्लू-ग्रे बरा वाटला पण फार धुरकट. मेडिटरेनियन ब्लू मारून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर राउंडेलचा, म्हणजे पंखावरच्या ब्रिटिश गोल खुणेचा निळा आणि हा निळा एकमेकांत विरघळून गेले.

इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली, तुमच्याही कामाची आहे. मोबाईलचा ब्लॅक अँड व्हाइट आणि तेव्हाची फिल्म यांची तुलना थेट करता येत नाही. त्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही चालायची, ती लाल रंगाला जवळजवळ आंधळी, लाल अगदी काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा हलका होऊन जातो. पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये तसं होत नाही. तेव्हा आधी त्याच फोटोतला राउंडेल बघायचा, मधला लाल ठिपका आणि बाहेरचा निळा यात कोण जास्त काळा आहे, त्यावरून फिल्मचा अंदाज येतो, आणि मगच विमानाच्या रंगाबद्दल बोलायचं. मी नुसत्या नजरेने ‘हा गडद आहे’ म्हणत होतो, त्याला काही अर्थच नव्हता. आता मी राउंडेलचा निळा हीच पट्टी धरलीय, कारण तो रंग आपल्याला माहीत आहे. माझ्याकडच्या प्रिंट्समध्ये वरून मारलेला रंग त्याच्यापेक्षा थोडा हलका वाटतो. पुरावा म्हणत नाही, पण निदान हातात काहीतरी धरायला मिळालं.

तर ब्लू-ग्रेमध्ये थोडा निळा वाढवून मिश्रण ठरवलं, लॅकर, म्हणजे पाण्याने नाही, थिनरने पातळ होणारा रंग. आणि तिथेच घात झाला. लेव्हलिंग थिनर संपला होता. कुरियरवाले लॅकर-थिनर विमानाने घेत नाहीत, रस्त्याने यायला दहा-बारा दिवस, आणि माझ्याकडे एकच रविवार. म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सुटा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणला. पाऊस सकाळपासून धो धो, खिडकीच्या काचेवरून आतूनसुद्धा पाणी ओघळत होतं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताला मिनिटभरात पंखाच्या मुळाशी दुधासारखा पांढरा थर आला. ब्लश. थिनर झपकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल रंगात अडकते, माहीत असतं हो सगळं. पण खरं नुकसान त्याचं नाही, ब्लश एकवेळ रिटार्डरचा, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचा हलका फवारा मारून जातो. एनसी थिनर इतका जहाल की त्याने खालचा पाण्याने पातळ होणारा अ‍ॅक्वियस मिडल स्टोन उकरला, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) वर सुरकुत्या, दुधावरच्या सायीला पडतात तशा. दोन आठवडे त्या डेझर्ट स्कीमच्या कडा फ्रीहँड मारल्या होत्या मी. एअरब्रश खाली ठेवला, लाइट बंद केला आणि जेवायला गेलो, त्या रात्री परत खोलीत पाऊल टाकलं नाही.

थिनरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. प्रायमरला, एअरब्रश धुवायला एनसी थिनर खुशाल वापरा, पण अ‍ॅक्वियसच्या वर तो कधीच नको, आणि पावसाळ्यात तर नकोच नको. मिस्टर लेव्हलिंग थिनर महाग आहे, मान्य, पण त्यात रिटार्डर असतो आणि तो रंगाला पसरायला वेळ देतो. दोन बाटल्या मागवल्यात.

दुसऱ्या दिवशी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि इअरबड घेऊन बसलो. एडुआर्डच्या पंखावर रिव्हेट इतके बारीक आहेत की जोरात घासलं तर रंगाचा चिखल त्यात जाऊन बसतो आणि परत निघत नाही, म्हणून इअरबड फिरवायचा, ओढायचा नाही, प्रत्येक दोन-तीन इंचाला नवीन. शेवटी जुना मऊ टूथब्रश. तीन तास गेले, प्रायमरसकट सगळं निघालं, पण एक रिव्हेट भरला नाही, याचं मला फार समाधान आहे.

आणि हे करताना पंखाच्या टोकाशी थांबलो. तिथे निळा नीट बसलाच नव्हता, फवाऱ्याची फक्त कड लागलेली, अगदी पातळ. त्या चार बोटांच्या जागेत एकाच बाटलीतला एकच निळा दोन रंगांचा दिसत होता. मिडल स्टोनवर हिरवट राखाडी, डार्क अर्थवर मळकट, जवळजवळ जांभळटाकडे झुकलेला. मधली कॅमोफ्लाजची कड भुतासारखी खालून दिसत होती. मी ट्यूबलाइटखाली धरलं, खिडकीपाशी नेलं, परत आणलं. इतके दिवस मी बाटलीत छटा शोधत होतो, आणि जहाज सुटायच्या घाईत कोणीतरी वाळवंटी रंगावर एक हात फिरवला असेल तर वर नुसती छटा कशी दिसेल, खालचा रंगही दिसणारच की! फोटोत काही पंखांवर मला दोन छटांचा भास व्हायचा आणि मी तो उजेडाचा खेळ समजायचो. आता तसं वाटत नाही.

लगेच म्यूलवर करून बघितलं. खाली डेझर्ट, वर क्लिअरचा एक संरक्षक हात, आणि मग निळा खूप पातळ, एअरब्रशचा दाब साधारण १५ पीएसआय, लांबून, तीन पास. दुसऱ्या पासला कॅमोफ्लाज स्पष्ट दिसतं, चौथ्याला गायब. तिसरा बरोबर. कोड आणि सिरियल, म्हणजे विमानावरची अक्षरं आणि नंबर, यांच्याभोवती टेपने कापायचं नाही असं ठरवलंय, घाईतला माणूस अक्षराला वळसा घालून जाईल, मागे वाळूच्या रंगाचा वेडावाकडा चौकोन राहील. तेवढी एक जागा मी हाताने, ब्रशने करणार आहे. टामियाची टेप फक्त कॅनोपीपुरती, म्हणजे कॉकपिटच्या काचेपुरती.

नाशिकच्या काकांचा फोन आला होता, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “अरे मग मॉडेल घाण दिसेल.” काका, दिसू दे. ४७ विमानं घाईने रंगवली तर ती शोकेसमधल्यासारखी दिसणार नाहीतच.

आता प्लॅन बदललाय, तोही हे लिहिता लिहिता. आत्तापर्यंत माझं चाललं होतं एप्रिलचं विमान, लिफ्टवर, पोटाला जादा इंधनाची ९० गॅलनची टाकी. त्या टाकीने मला किती छळलंय ते अपडेट ४ मध्ये वाचलंच असेल, बेली आणि टाकी यांच्यातली फट अजून बुजलेली नाही. खऱ्या टाक्यांनीही तेच केलं होतं म्हणा, फेब्रुवारी ४२ मध्ये ईगलवरची पहिली खेप टाक्यांच्या दोषामुळेच परत फिरवावी लागली आणि पहिल्या १५ स्पिटफायर गेल्या त्या ७ मार्चला. शिवाय फ्लॅप्सखाली, म्हणजे पंखांच्या मागच्या खाली उघडणाऱ्या झडपांखाली ठेवायचे ते लाकडी ठोकळे मी तासून ठेवलेत. स्पिटफायरचे फ्लॅप एक तर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली, मधलं काही नाही, म्हणून डेकवरून उडताना मधे ठोकळा अडकवायचा आणि वर गेल्यावर फ्लॅप पूर्ण खाली केले की ठोकळा समुद्रात. इवलेसे ठोकळे, बासवूडचे, फार सुंदर झालेत.

पण मेची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ९ मेला वास्पवरून उडालेल्यात जेरी स्मिथ नावाचा कॅनेडियन पायलट ऑफिसर होता, जेरोल्ड अल्पाइन स्मिथ. उडाल्यावर कळलं की टाकीने दगा दिलाय, आणि त्या इंधनाशिवाय माल्टा गाठणं अशक्य. विमान पाण्यात टाकायचं किंवा जहाजावर परत उतरायचं. स्पिटफायरला अरेस्टर हुक, म्हणजे डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवणारा आकडा, नाही. याने आयुष्यात कधी डेकवर विमान उतरवलेलं नाही. वास्पने पूर्ण वेग घेतला आणि हा उतरला, डेकच्या पुढच्या कडेपासून १५ फुटांवर थांबला. त्याला हातातल्या पॅडल्सनी उतरवून घेणारा लँडिंग सिग्नल ऑफिसर होता डेव्हिड मॅकॅम्बेल, जो पुढे ३४ विमानं पाडून अमेरिकन नेव्हीचा पहिल्या नंबरचा एस, म्हणजे सर्वाधिक विमानं पाडणारा वैमानिक झाला. वास्पच्या वैमानिकांनी स्मिथला आपले नेव्हीचे विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला दिला. तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तो माल्टावरून उडाला आणि परत आला नाही. वास्पही सप्टेंबरमध्ये ग्वाडलकॅनालजवळ जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली.

हे विमान करायचं. उतरताना पोटाला टाकी नाही, म्हणजे माझा सगळ्यात मोठा कटकटीचा भाग गेला. फ्लॅप पूर्ण खाली. ठोकळे वाया गेले याचं वाईट वाटतंय, पण ते कोणाला हवे असतील तर पाठवतो, खरंच, ईगलवरचं विमान करणाऱ्याने मागून घ्या. मॅकॅम्बेलची पॅडलवाली आकृती करायचा मोह झाला होता पण तो मागे डाव्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर, विमान थांबलं पुढे टोकाला, १/४८ मध्ये तेवढं डेक केलं तर घरात ठेवायला जागा नाही.

डेक आइस्क्रीमच्या काड्यांचं, साधारण ३ मिमीच्या पट्ट्या चिरून. लक्षात ठेवा, अमेरिकन कॅरिअरवर फळ्या आडव्या असतात, जहाजाच्या लांबीच्या दिशेने नाही, मी पहिला तुकडा उभा चिकटवला होता आणि उखडून काढला. मधे विमान बांधायच्या धातूच्या पट्ट्या, त्या प्लास्टिक स्ट्रिपच्या. वरून निळसर स्टेन, खूप पातळ, लाकूड दिसेल इतका. स्टेन पातळ केला तो पाण्याने, एनसी थिनरची बाटली बाल्कनीत आहे.

आत्ता लिहायचं थांबवून प्लायवर पेन्सिलने आखून बघितलं. १५ फूट म्हणजे १/४८ ला ९५ मिमी. स्पिटफायर स्वतः १९० मिमी, म्हणजे डेकची कड आणि प्रॉपेलर यांच्यात विमानाच्या बरोबर निम्मी जागा. अजून रंग न दिलेलं फ्युजलाज (विमानाचं धड) आणि एकच उजवा पंख तसाच त्या रेघेवर ठेवला आणि समोरून, कडेच्या पातळीला डोळा लावून बघितलं. फार कमी आहे हो ९५ मिमी. बेसची पुढची कड मी आता डेकच्या त्या पुढच्या उतारासकट कापणार आहे, पुढे काहीच ठेवणार नाही, पाणीसुद्धा नाही. थिनर आला की डाव्या पंखाला प्रायमर.