गंजलेला पत्रा आणि आमचं गॅरेज : आमची वाटचाल

आमचं गॅरेज रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीजवळ आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांनी ते सुरू केलं, तेव्हा काम साधंच होतं. ठोकलेली गाडी आली की पोचे काढायचे, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची, रंग मारायचा. गंजाचं काम शोधायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा लागतो. मिठाचं पाणी पत्र्याच्या सांध्यात शिरलं की लोखंड फार वेगाने गंजतं. त्यामुळे घाटावर निर्धास्त राहणारी गाडी किनाऱ्यावर आतल्या आत खाल्ली जाते.

सुरुवातीची मोठी गिऱ्हाइकं मिरकरवाडा बंदरातली. मासळी वाहणाऱ्या टेम्पोच्या हौद्यात बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी फळीच्या फटीतून खालच्या पत्र्यावर सतत ठिबकत राहतं. या गाड्यांचे खालचे पत्रे बदलता बदलता बाबांच्या लक्षात आलं, की वरून फोड दिसतो तेव्हा आतलं नुकसान त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून रंग फुगतो. म्हणजे पत्रा आतल्या बाजूने सडून झाल्यावर ती खबर बाहेर येते.

त्या काळी धंद्यातली सर्रास रीत वेगळी होती. फोडावर ग्राइंडर फिरवायचा, भोकात जाळी किंवा फायबर चिकटवायचं, वर जाड लांबी, वर रंग. गाडी दिवाळीला नव्यासारखी दिसायची आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी पुन्हा फोड यायचा. लांबी पाणी शोषते. उघड्या लोखंडावर ती थेट भरली, तर ओल पत्र्याला चिकटूनच राहते. बाबांनी हे काम नाकारायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकं तुटली. पण पुढे पुन्हा फोड आलेल्या गाड्या आमच्याकडेच यायला लागल्या.

धंद्याला खरं वळण दादाने दिलं. तो कोल्हापूरला उद्यमनगरात पत्र्याचं काम शिकून आला आणि मिग वेल्डिंगचं, म्हणजे विजेने बारीक तार वितळवून पत्रा जोडायचं मशीन घेऊया म्हणून हटून बसला. गॅस वेल्डिंगने गाडीच्या बॉडीचा पत्रा फार तापतो. हा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तो वाकडा होतो आणि पाठीमागचा रंगही जळतो, म्हणजे नव्या गंजाला दार उघडं. मिगने एकेक टाका घालता येतो. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं. वेळ लागतो, पण पत्रा सरळ राहतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त आलेली गाडी म्हणजे मारुती ८००, आणि तिच्या खालोखाल ओम्नी. १९८३ साली आलेल्या ८०० ने कोकणातल्या कितीतरी घरांत पहिली गाडी आणली, त्यामुळे ती सोडवत नाही. कुणाच्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली असते, कुणी तिच्यावरच गाडी शिकलेलं असतं. अशा माणसाला "काका, विकून टाका" असं सांगणं मला कधी जमलं नाही. मात्र रक्कम सांगण्याआधी आम्ही गाडी उघडतो. मॅट आणि सीट काढतो, दरवाजाखालच्या पोकळ भागावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. लोहचुंबक धरला नाही, तर तिथे आधी कुणीतरी लांबी भरली आहे हे कळतं. मालक शेजारी उभा असतो आणि सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. भावावरून होणारी निम्मी भांडणं इथेच संपतात.

मग निवड करायची असते. पुढचं मडगार्ड, बोनेट, दरवाजा हे भाग नटबोल्टवर असतात. ते जास्त खाल्ले गेले असतील तर बदललेले बरे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पण कंपनीचा जाड पत्रा मिळाला, तर बाजारातल्या पातळ नव्या मालापेक्षा मी तोच घेईन. दरवाजाखालची पोकळी, चाकावरची कमान, फ्लोअर यांना मात्र कापूनच जोडावं लागतं. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून खालचा पत्रा कापण्याआधी गाडीला नीट आधार द्यायचा, दरवाजाच्या चौकटीत आडवी पट्टी टाकायची. नाहीतर चौकट हलते आणि पुढे दरवाजा लागत नाही. बॅटरी सोडायची, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर उतरवायची. गंज दिसतो त्याच्या पलीकडे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं. पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याच मापाचा सीआर (थंड लाटलेला, गुळगुळीत) पत्रा वाकवायचा आणि कोपरे गोल ठेवायचे. वेल्डिंग घासलं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे ओल अडवणारा रंगाखालचा थर. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस थर बसलेला असतो. लांबी त्या प्रायमरवर, तीही पातळ. शेवटी पोकळीत लांब नळीने मेण फवारायचं. हे काम गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांच्या इंजिनाची आणि वायरिंगची काळजी मालकांनी घेतली होती. पत्र्याच्या पोकळीतला गाळ कुणाच्या ध्यानात नव्हता. आम्ही सीट काढून, खालची भोकं मोकळी करून गोड्या पाण्याने आतून धुवत राहिलो. चिखल थांबेना. मग हवा मारून वाळवलं आणि मेण भरलं. ज्यांनी फक्त सीटकव्हर आणि गालिचे बदलून घेतले होते, त्यांतल्या काही गाड्या पुढे आतून सडून आमच्याकडे आल्या. एका मोठ्या वर्कशॉपने तर अशा एका गाडीला खालून ओल्यावरच काळं रबरी कोटिंग मारून दिलं होतं. कोटिंग वरून शाबूत, आणि बोट लावलं की पत्र्यासकट निघून हातात. त्या गाडीच्या मालकीणबाईंनी ती कर्ज काढून घेतली होती. मला त्या दिवशी फार राग आला होता, तो अजून आहे.

काही गाड्या आम्ही परत पाठवतो. सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तो भाग किंवा सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तो पत्रा पार सडलेला असेल, तर ठिगळ लावून गाडी देत नाही. पंधरा वर्षांनंतर आरटीओत फेरनोंदणी करायची असते, तेव्हा "पासिंगपुरतं करून द्या" म्हणणारे येतात. मी त्यांना चहा देतो आणि नाही म्हणतो. त्या गाडीत त्यांचीच मुलं बसणार असतात.

आता दादा पत्रा बघतो, मी रंग, आणि हिशेब माझी बायको सांभाळते. आयटीआय झालेली दोन मुलं कामाला आहेत, त्यांतल्या एकाचा टाका दादाच्या टाक्यापेक्षा बारीक पडतो. रंगाची मोठी कामं आम्ही पावसाळ्यानंतरच घेतो, कारण दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या खालून तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दरवाजाच्या तळाची भोकं बुजलेली असतील तर तिथेच मोकळी करतो. तपासायला येताना गाडी धुवून आणू नका, आहे तशी आणा. चिखल कुठे साचलाय यावरूनच पाणी कुठे अडतंय ते कळतं.