ऊन किती येतं तुमच्याकडे?

शनिवारी आम्ही चौघी घरसामानाची दुकानं पालथी घालायला निघालो. निमित्त ठाण्याच्या मैत्रिणीचं, ती माहेरी आली होती आणि तिला "घरासाठी काहीतरी" घ्यायचं होतं. काहीतरी म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं, आणि माझं म्हणणं असंच जावं, यादी घेऊन गेलं की ते किराणा भरणं होतं. गाडी बँकवालीची, त्यामुळे डिकीत काय मावतं आणि काय नाही हे तीच ठरवणार. वकिलीणबाई पाथर्डी फाट्याकडे सातव्या मजल्यावर नवीनच राहायला गेल्यात म्हणजे खरा खर्च त्यांचा. मी फक्त मतं द्यायला.

आधी गंगापूर रोडला मिसळ, ती काही लिहायची गोष्ट नाही, नाशिककराला काय सांगायचं. नर्सऱ्या त्याच रस्त्याला पुढे आनंदवल्ली-सोमेश्वरकडे लागतात, पावसाळा सरत आलेला, सगळं हिरवंगार, त्यामुळे गाडीतून उतरल्या उतरल्या चौघी चार दिशांना.

वकिलीणबाईंनी थेट एरिका पामला हात घातला. इन्स्टावर सगळ्यांच्या बाल्कनीत तोच असतो ना. नर्सरीवाले काका शांतपणे आले आणि म्हणाले, "ऊन किती येतं ताई तुमच्याकडे?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे सकाळचं का दुपारचं?"

कोर्टात लोकांना असेच प्रश्न विचारून घाम फोडणारी बाई, ती एकदम गप्प. मग बँकवालीने मोबाईलमधलं कंपास उघडून बाल्कनी पश्चिमेची असल्याचं हवेत हातवारे करून सिद्ध केलं, आणि काकांनी तो पाम वकिलीणबाईंच्या हातातून काढून परत सावलीच्या जाळीखाली नेऊन ठेवला. अक्षरशः काढून घेतला! म्हणाले पश्चिमेचं ऊन एप्रिलमध्ये पानांची टोकं जाळून टाकेल, तुम्ही पाणी कमी पडलं समजून अजून पाणी घालाल, मग मुळं कुजतील आणि मग म्हणाल नर्सरीवाल्याने फसवलं. त्यापेक्षा अडेनियम न्या नाहीतर बोगनवेल, दोघांनाही ऊन जेवढं कडक तेवढं बरं आणि पाणी विसरलात तरी चालतं. वर विचारलं मजला कितवा. सातवा म्हटल्यावर उंच हलकी कुंडी नकोच, वाऱ्याने आडवी होईल, बसकी आणि जड घ्या. आणि घरी पोत्यात पडलेली शेतातली काळी माती तशीच भरू नका, ती पाणी धरून बसते आणि सुकली की कुंडीच्या कडेने भेगा पडतात, मग वरून घातलेलं पाणी सरळ खालच्यांच्या गॅलरीत. लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. एवढं सगळं सांगून काकांचं बिल पामपेक्षा कमीच झालं.

ठाणेवालीला गुलाब हवा होता. मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे हे बँकवाली दर वेळी सांगते, यावेळीही सांगितलं. काकांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी रोप उचलून बुडाशी असलेली गाठ दाखवली, इथे डोळा भरलाय, म्हणजे जंगली रोपावर कलम केलंय, याच्या वरून फुटलं तर तुमचा गुलाब, खालून फुटवा आला तर तो जंगली, बघता क्षणी काढायचा, नाहीतर तो जोर धरतो आणि कलम मरतं. हे मला अगदी पटलं कारण आमच्या सोसायटीत असा एक गुलाब आहे, नुसता काटेरी झुडूप झालाय आणि सगळे म्हणतात "मातीच चांगली नाही". छाटणी कधी करायची विचारलं तर काका म्हणाले, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी ऐकू आली की तुम्हीही कात्री काढा. नाशिकमध्ये यापेक्षा सोपं कॅलेंडर कोण देणार!

मग कॉलेज रोडला एक होम डेकोरचं मोठं शोरूम. एसी मस्त, वास मस्त, मॅक्रमे, बोहो, मेणबत्त्या, "होम" असं लिहिलेली पाटी (घरात लावायला, म्हणजे विसरायला नको). आम्ही तासभर फिरलो, कोणी काही विचारलं नाही. पडदे बघितले तर पाच फूट, सात फूट, नऊ फूट अशी पाकिटं, खिडकी, दरवाजा, उंच दरवाजा, उचला आणि निघा. रुंदीचं काय, चुण्या पडायला कापड रॉडच्या दीड-दोन पट लागतं, नाहीतर पडदा ताणून वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो, हे काही कुणी बोललं नाही. काउंटरवर मात्र एक मेणबत्ती घेतली तर प्रश्न आला, "मॅम, मोबाईल नंबर?" ठाणेवालीने दिला आणि गाडीत बसेपर्यंत मेसेज.

जुन्या नाशकात गाडी नेऊ नका हे मी ओरडून सांगत असते, यावेळी ऐकलं, गाडी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, लावली आणि चालत वर भांडी बाजारात. तिथे गेलं की माझा आवाजच बदलतो असं या म्हणतात. सरळ आहे, अर्धं लहानपण आजीचं बोट धरून तिथे गेलंय. दारापर्यंत लटकलेल्या कळश्या, पराती, समया, बंब, एकात एक बसवलेली पातेली, आणि सगळं काट्यावर, किलोने. मागे तांबट लेन आहेच.

ठाणेवालीला घंगाळ आवडलं, हातोडीच्या ठोक्यांचं मठारकाम केलेलं, हॉलमध्ये पाणी घालून फुलं सोडायला. दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. "वापरायला का शोभेला?"

शोभेला म्हटल्यावर त्यांनी आतून वेगळं आणलं, लॅकर मारलेलं, चकचकीत राहील, चिंच-मीठ घासायची गरज नाही, पण यातलं पाणी प्यायचं नाही आणि विस्तवावर तर अजिबात ठेवायचं नाही. मी मध्ये तोंड घातलं, मला पितळी पातेलं हवं होतं वरणाला, तर माझी वेगळी उलटतपासणी. गॅसवर का इंडक्शनवर? इंडक्शन असेल तर पितळ तापणारच नाही, पैसे वाया. आमटीत चिंच-कोकम घालता? मग आतून कल्हई हवीच. आणि रिकामं पातेलं गॅसवर विसरायचं नाही, कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशाला वितळतं, फोडणीच्या आधी मोबाईल बघत बसलात तर कल्हई गेलीच समजा. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, भट्टीवर भांडं लाल, नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथील फिरवून चिंधीने एक हात मारला की आतून आरसा. आता कल्हईवाला शोधायला लागतो, पण या काकांकडे भांडं सोडलं की करून मिळतं.

शेजारची ताटली दाखवून वकिलीणबाईंनी विचारलं हे पण पितळच का, तर काकांनी ती बोटांवर तोलून नुसती टिचकी मारली आणि ती कितीतरी वेळ वाजत राहिली. कासं. तांबं आणि कथील. "पितळ पडलं तर पोचा येतो, हे पडलं तर फुटतं, घरात लहान मूल आहे का?" आहे. ताटली परत फळीवर.

बँकवालीने मोडीचा भाव विचारून ठेवला, तिच्या आईकडे माळ्यावर जुना बंब आहे. आईला फोन लावला तर पलीकडून असा काही आवाज आला की विषय तिथेच संपला.

हिशोब सांगायचा तर घंगाळ डिकीत बसलं नाही, ठाणेवालीने मांडीवर घेऊन नेलं. वकिलीणबाईंचं अडेनियम लागलं, बोगनवेल काकांनी अडवून ठेवलीय, आधी दुपारी तीनचा बाल्कनीचा फोटो पाठवा म्हणाले, वेल चढवायला जागा आहे का बघतो. काल तिने तोच फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लगेच बँकवालीचं उत्तर, "काकांना पाठवायच्या आधी ते टॉवेल काढ."