तुमच्याकडं बरंय, मंत्री लगेच घरी जातो

परवा अंबाजोगाईहून इथे इंग्लंडात मामांचा फोन आला. भाचरांची चौकशी, सोयाबीनचा भाव आणि मग नेहमीप्रमाणे राजकारण. "तुमच्याकडं बरंय बघ," मामा म्हणाले, "बाईची भानगड निघाली की मंत्री दुसऱ्या दिवशी घरी. आपल्याकडं तसलेच लोक निवडून यायलेत." मी "हं" म्हणून विषय बदलला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. एक तर ते अर्धंच खरं आहे. दुसरं म्हणजे ज्या मंत्र्यामुळे मामांचं हे मत झालंय, त्या मंत्र्याच्या खात्यात मी नोकरी करत होते.

मॅट हॅन्कॉक, इंग्लंडचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. २५ जून २०२१ च्या शुक्रवारी 'द सन'च्या पहिल्या पानावर फोटो आला. मंत्र्यांचं स्वतःचं कार्यालय, दाराला टेकून सहकारी बाईंना मिठी आणि चुंबन, वर छतावरचा कॅमेरा. शनिवारी संध्याकाळी राजीनामा. मामांना इथपर्यंतच माहीत आहे.

आमच्या हॉस्पिटलात त्या शुक्रवारी जो संताप होता, त्याचं कारण चुंबन नव्हतं. फोटो ६ मेचा होता, आणि घराबाहेरच्या माणसाला मिठी मारायची परवानगी इथे १७ मेला मिळाली. त्याआधीचं वर्षभर आम्ही काय केलं होतं? मरणाऱ्या माणसाच्या कानाशी टॅब धरून त्याच्या मुलांचा आवाज ऐकवत होतो. मुलं बाहेर गाडीत बसलेली असायची, आत सोडायचा नियम नव्हता. आणि नियम सांगणारा हा माणूस! मे २०२० मध्ये नील फर्ग्युसन या शास्त्रज्ञाची मैत्रीण लॉकडाऊनमध्ये त्याच्या घरी आल्याचं छापून आलं, त्याने सरकारी सल्लागार समिती सोडली. तेव्हा हेच हॅन्कॉक म्हणाले होते की मी अवाक् झालोय, पोलिसांनी कारवाई केली तर माझा पाठिंबा असेल. शिवाय फोटोतल्या बाई त्यांच्याच खात्याच्या संचालक मंडळावर मानधनावर होत्या. राजीनामा गेला तो या सगळ्यामुळे. हाच फोटो २०१९ मध्ये आला असता तर, माझी खात्री आहे, दोन दिवस चर्चा झाली असती आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट.

मामा, तेव्हाचे पंतप्रधान कोण होते ते तरी आठवा. बोरिस जॉन्सन. २००४ मध्ये एका प्रकरणाबद्दल पक्षाच्या नेत्याला खरं सांगितलं नाही म्हणून विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिपदावरून काढलेले. लग्नाबाहेरच्या संबंधातून झालेल्या त्यांच्या एका मुलीची बातमी छापावी की नाही, हे २०१३ मध्ये अपील कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टाने सांगितलं की हे जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. बरं, जाणून घेऊन लोकांनी काय केलं? २०१९ च्या डिसेंबरात घसघशीत बहुमत दिलं. मुलं किती, हा प्रश्न त्या प्रचारात विचारला गेला, त्यांनी उत्तर द्यायचं नाकारलं, संपलं. ज्या पेपरांनी दुसऱ्या मंत्र्यांच्या बेडरूमबाहेर फोटोग्राफर बसवले, तेच यांना लाडाने नुसतं 'बोरिस' म्हणत. मे २०२१ मध्ये वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्यांचं तिसरं लग्न झालं, सगळीकडे छान छान फोटो. त्यानंतर चार आठवड्यांनी हॅन्कॉकचा फोटो आला तेव्हा याच पंतप्रधानांनी आधी 'माफी मागितली, विषय संपला' असं कळवलं होतं. त्यांनी दुसरं काय म्हणावं म्हणा!

एक मात्र मान्य करते. इथे प्रश्न तोंडावर विचारतात. कॅमेऱ्यासमोर, नाव घेऊन, पंतप्रधानाला. हे बघून मला आपल्याकडचं आठवतं आणि पोटात कालवाकालव होते. अर्थात इथल्या वार्ताहराच्या पाठीशी वकिलांची फौज असते हेही खरं. आणि इतकं असूनही हॅन्कॉकचं चित्रण बाहेर कुणी दिलं हे शोधायला जुलैत दोन घरांची झडती झालीच. शेवटी पुराव्याअभावी ते सोडून द्यावं लागलं.

आता आपलं घ्या, कारण वर्ष तेच होतं. १२ जानेवारी २०२१ ला धनंजय मुंडे यांनी स्वतःच फेसबुकवर लिहिलं की २००३ पासून आपले एका महिलेशी संबंध आहेत, दोन मुलं आहेत, त्यांना आपण नाव दिलंय, घरच्यांना ठाऊक आहे. त्या महिलेच्या बहिणीने बलात्काराची तक्रार केली होती, ती पुढे तिनेच मागे घेतली. त्या दहा-बारा दिवसांत मराठी चॅनेलांवर नैतिकतेचा पूर आला होता. मुंडे तेव्हा महाविकास आघाडीचे मंत्री, म्हणून भाजपची महिला आघाडी राजीनामा मागत होती. जुलै २०२३ मध्ये ते अजित पवारांबरोबर शिंदे-भाजप सरकारात गेले, कृषिमंत्री झाले. माणूस तोच, फेसबुक पोस्ट तीच. राजीनामा मागणाऱ्यांना स्टुडिओत बोलावून "आता काय?" असं विचारणारा अँकर मला तरी दिसला नाही. २०२४ ला परळीतून ते लाखाहून जास्त मतांनी आले. मार्च २०२५ मध्ये मंत्रिपद सोडलं ते मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनाच्या प्रकरणावरून उठलेल्या वादळात, कारण त्यांनी तब्येतीचं दिलं.

इथल्या सहकाऱ्यांनी हॅन्कॉकच्या वेळी मला विचारलं होतं, तुमच्याकडे असं होतं का? मी परळीचं नाव काढलं नाही. का काढावं? बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि गर्भपात एवढंच ज्यांनी वाचलंय, त्यांच्या हातात आणखी एक कोलीत कशाला द्यायचं? आमच्या भागात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे, मी तिथली आहे, एवढं सांगितलं आणि राउंडला निघून गेले.

आणि आपल्या तालुक्याच्या पत्रकाराला नावं ठेवणं सोपं आहे. त्याला पगार नावापुरता, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. साहेबांचा वाढदिवस आला की पहिलं पान भरून अभीष्टचिंतन, आत आणखी चार पानं, कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो रांगेने. कोणत्या साहेबांचं लातूरला कुठे जाणं-येणं आहे, हे त्याला चहावाल्याच्या आधी ठाऊक असतं. छापणार कुठे? मुलं त्याच शाळेत, बायकोची बदली त्याच साहेबांच्या हातात. मी इथे बसून शौर्य शिकवणार नाही.

पण चिडते मी मामांवर. जानेवारी २०२१ मध्ये "ही त्याची खासगी बाब आहे" असं फॅमिली ग्रुपवर त्यांनीच लिहिलं होतं, कारण मामांचं मत त्या बाजूला. त्याच ग्रुपवर दर नोव्हेंबरात ते नेहरूंचा एका बाईला जवळ घेतल्याचा फोटो टाकतात. ती बाई विजयालक्ष्मी पंडित, नेहरूंची सख्खी बहीण, हे मी लिहिलं तर खाली गुड मॉर्निंगचे गुलाब येतात. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं काहीच खासगी नाही, आणि आपल्या साहेबांचं सगळंच.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे. हॅन्कॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये, खासदार असतानाच, एका टीव्हीच्या खेळात जंगलात राहायला गेले, तिसरे आले आणि त्याचे ३,२०,००० पौंड मिळाले. फोटोतल्या बाईंचं घर, नवरा, कॉलेजातल्या ओळखी, सगळं मात्र पेपरांनी चघळून झालं होतं. आणि जिचं काहीच प्रकरण नाही तिचं काय? एप्रिल २०२२ मध्ये 'मेल ऑन संडे'ने अँजेला रेनर या विरोधी पक्षाच्या उपनेत्या संसदेत पायावर पाय टाकून पंतप्रधानांचं लक्ष विचलित करतात असं छापलं होतं. सांगणारे खासदार निनावी. इकडे परळीत सप्टेंबर २०२१ मध्ये त्या फेसबुक पोस्टमधल्या बाई पत्रकार परिषद घ्यायला आल्या, तर गाडीत पिस्तूल सापडल्याची बातमी, अॅट्रॉसिटीचा गुन्हा आणि अटक. चॅनेलांना दिवसभर त्यांची गाडी पुरली.

माझी आत्या पंचायत समितीवर होती. महिला राखीव जागा, पण तिने ती खरंच चालवली. टँकरच्या खेपांची नोंदवही मागायची, ग्रामसेवकाला घेऊन गावोगाव जायची. एका स्थानिक साप्ताहिकाने चार ओळी छापल्या, 'एका महिला सदस्येच्या मोटारसायकल दौऱ्यांची चर्चा'. नाव नाही. नावाची गरजच नव्हती, सदस्या होत्या किती! आत्याने पुढच्या वेळी फॉर्म भरला नाही. त्या जागेवर तिच्या जाऊबाई आल्या आणि बैठकांना दीर जाऊ लागले, तेव्हा कसलीच चर्चा झाली नाही.

ते साप्ताहिक अजून निघतं. त्यांच्या दिवाळी अंकात 'सातासमुद्रापार आपल्या लेकी' असं पान आहे, त्यासाठी माझा ॲप्रनमधला फोटो मागितलाय. आई म्हणते, पाठवून दे, जुनं कशाला उगाळतेस. मी आत्याला विचारते म्हटलं.