मलकालला साप चावला त्याची हकीकत

गडहिंग्लज-चंदगडकडची पोरं युएनच्या शांतिसेनेच्या मिशनवर जायला निघाली की फोन करून साप चावला त्याचं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी साउथ सुदानला होतो, मलकालला, पांढऱ्या नाईलच्या काठी. पावसाळ्यात तिथं काळा चिखल नुसता, आणि साप कोरड्या जागेला म्हणजे आपल्याच मोर्चात, म्हणजे पोत्यांच्या आडोशाच्या खंदकात, येऊन बसणार.

संध्याकाळी वाळूची पोती हलवत होतो, पफ ॲडर म्हणून तिकडचा जाड बुटका विषारी साप होता, फुसकारा ऐकू आला तोवर हाताला चावून झालं होतं. पोरं फावडं घेऊन धावली तर सुभेदार साहेबांनी जागेवर थांबवलं, म्हणाले एक पेशंट आहे तेवढा बस झाला, लांबून मोबाईलवर फोटो काढा. नर्सिंग असिस्टंटनं पहिलं अंगठी आणि घड्याळ काढलं, कारण सूज आल्यावर ते निघत नाही आणि बोट जातं. दोरी बांधली नाही, ब्लेड मारलं नाही, हात फळीला बांधून स्ट्रेचरवर घातलं, एक पाऊल चालू दिलं नाही.

हॉस्पिटलात कोऱ्या काचेच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं, मग तिरकं करून बघितलं. गोठलं नाही तर विषानं रक्त बिघडवलंय असं समजायचं. ट्यूब काचेचीच पाहिजे, प्लास्टिकमध्ये ही टेस्ट चुकते. माझं गोठलं, पण सूज थांबेना. डॉक्टर मॅडम पेनानं सुजेच्या कडेला रेघ मारायच्या आणि शेजारी वेळ लिहायच्या. रेघ कोपराच्या वर गेली तसं अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू केलं.

शेजारच्या बेडवरचा जवान म्हणाला मॅडम आपलं इंडियाचंच द्या की. मॅडमनी शांतपणे सांगितलं, हे घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तातनं बनवतात, ज्या सापाचं विष टोचलं त्याच्यावरच चालतं. आपलं बनतं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी. आफ्रिकेतसुद्धा फुरसं आहे, दिसायला आपल्यासारखंच, पण त्याच्यावरही आपलं औषध नीट चालत नाही, मग पफ ॲडर आणि मांबा या तिकडच्या सापांचं तर सोडूनच द्या. तिकडच्या सापांचं वेगळं असतं, ते फ्रिजमध्ये होतं म्हणून माझा हात आज आहे.

औषधाचं सलाईन चालू झाल्यावर थोड्या वेळानं त्याची रिॲक्शन आली, अंगभर पित्त उठलं, श्वास कोंडल्यासारखा झाला. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं, लगेच मांडीत दिलं, सलाईन बंद केलं आणि जरा वेळानं हळूहळू परत सुरू केलं. तो वेळ लई वाईट गेला, खरं सांगतो. फोड आले, कातडी सोलली, नंतर बोटं वळवायचे व्यायाम बरेच दिवस चालले. घरी आईला सूज उतरल्यावरच कळवलं, तिनं तिकडं लगेच जोतिबाला नवस बोलून ठेवला.

तर पोरांनो, निघायच्या आधी ट्रेनिंगमध्येच डॉक्टरांना विचारा, आपण जातोय तिथं कुठले साप आहेत, त्यांचं अँटिव्हेनम कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय आणि पोस्टवरून तिथं पोचायला रात्री किती वेळ लागतो.