कुत्र्याने डार्क चॉकलेट खाल्लं तेव्हा : माझा अनुभव

टेबलाखाली चॉकलेटचा फाटका कागद दिसला, तेव्हा आधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत नेलं आणि उरलेलं चॉकलेट वजनकाट्यावर ठेवलं. १०० ग्रॅमपैकी ४० उरलं होतं, म्हणजे ६० ग्रॅम पोटात. कुत्र्याला बाधतं ते त्यातलं थिओब्रोमिन. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये किमान ५, आणि कोको वाढेल तसं वाढतं. आमच्या कुत्र्याचं वजन १२ किलो, म्हणजे किलोमागे निदान २५ मिलिग्रॅम. २० पासून उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरांना फोनवर वजन, पदार्थ, प्रमाण आणि वेळ सांगितली. कागद सोबत आणायला सांगितला, कारण झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा मनुके असतील तर सगळं गणितच बदलतं. झायलिटॉलने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते, मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

घरी मीठ पाजून उलटी काढू नका, हे मी हात जोडून सांगते. रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा त्यानेच दगावू शकतो. ॲसिड, रॉकेल, बटण-सेल किंवा टोकदार वस्तू गिळली असेल तर उलटी काढणंच धोक्याचं.

दवाखान्यात ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत तपकिरी, चिकट उलटी झाली, त्यात चांदीचा कागदही होता. मळमळ पूर्ण थांबल्यावरच ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारा औषधी कोळसा, दिला. आधी दिला असता तर उलटीसोबत फुप्फुसात जायची भीती.

घरी आल्यावर दर दोन तासांनी लघवीला नेलं, कारण थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. नाडी मांडीच्या आतल्या बाजूला बोटं टेकवून १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायची. शांत झोपेत ती १४० च्या वर गेली तर लगेच परत आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चॉकलेटमधल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून पुढचे तीन दिवस पोटदुखी आणि उलट्यांवर लक्ष ठेवलं.

उंदराचं औषध खाल्लं असेल तर मात्र कुत्रा खेळतोय म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातल्या रक्त पातळ करणाऱ्या प्रकारांमुळे होणारा रक्तस्राव बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतो. पाकिटावरचं घटकाचं नाव त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या.