‘मॅरेज आ-ला-मोड’ : दुसऱ्या चित्राची प्रगती

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या या मालिकेची मी प्रत रंगवतेय. सहा चित्रांपैकी दुसऱ्याचं अंडरपेंटिंग, म्हणजे रंगांखालचा पहिला थर, पूर्ण झालं. कॅनव्हास मूळ मापाचाच आहे, साधारण ७० बाय ९१ सेंटिमीटर. लहान माप घेतलं तर काम लवकर उरकेल, पण या माणसाची अर्धी गोष्ट जमिनीवर सांडलेल्या वस्तूंत असते आणि लहान मापात नेमक्या त्याच हरवतात.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कंगाल झालेल्या उमरावाचा मुलगा आणि पैसेवाल्या व्यापाऱ्याची मुलगी यांचं लग्न पहिल्या चित्रात सौदा म्हणून ठरतं. दुसऱ्यात दोघं आपल्याच घरात, पण आदली रात्र दोघांनी वेगवेगळी काढलेली. नवरा डोक्यावरची हॅटही न काढता खुर्चीत कोसळलाय, त्याच्या खिशातून डोकावणारी बाईची टोपी कुत्रा हुंगतोय. बायको आळस देतेय. बिलांचा गठ्ठा घेऊन कारभारी हताशपणे निघालाय. शेवट सहाव्या चित्रात होतो, तोवर नवरा, बायको आणि तिचा प्रियकर तिघंही मेलेले असतात.

बऱ्याच जणांचा पहिला संदर्भ १७४५च्या छापचित्रांचा असतो, आणि रेषांच्या अभ्यासाला ती उत्तमच आहेत. दुसऱ्या चित्राची प्लेट बॅरन या फ्रेंच खोदकाराची. पण छाप उलटा आहे, डावं ते उजवं झालेलं. मूळ चित्रात नजर डावीकडून आत येते : आधी बाहेर पडणारा कारभारी, मग उपडी पडलेली खुर्ची, मग ती, आणि शेवटी तो. म्हणजे हिशेब आधी दिसतो आणि माणसं नंतर. छापात हा क्रम फिरतो. म्हणून रेखाटन मी लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या छायाचित्रावरूनच केलं. १८२४ साली गॅलरी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या संग्रहात ही सहाही चित्रं होती.

होगार्थची दुसरी मालिका ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ करणार का, असं मला विचारतात. तिची मूळ तैलचित्रं १७५५मध्ये इंग्लंडमधल्या फॉन्टहिल या वाड्याला लागलेल्या आगीत जळाली. उरलेत ते काळे-पांढरे छाप. त्यांना रंग चढवणं म्हणजे माझे अंदाज होगार्थच्या नावावर खपवणं. ते मी करणार नाही.

आता रंगांबद्दल. त्या काळचा पांढरा म्हणजे लेड व्हाइट, शिशापासून केलेला. तो विषारी, म्हणून मी टायटॅनियम व्हाइट वापरते. पण टायटॅनियम थंड आणि जास्त झाकणारा असतो. बायकोच्या सॅटिनवर तो सरळ लावला तर कापड खडूसारखं दिसतं. त्यात किंचित येलो ओकर (मातकट पिवळा) आणि जवसाचं तेल घातलं की हवा तो ओलसर उबदारपणा येतो. सावल्यांत रॉ अंबर हा मातकट तपकिरी, अगदी पातळ. पावसाळ्यामुळे थर सुकायला वेळ लागतोय, त्यामुळे ग्लेझिंग, म्हणजे वरचे पातळ पारदर्शक थर, अजून हातात घेतलेलं नाही.

सर्वांत जास्त वेळ बायकोने घेतला. कथा तिला दोषी धरते, पण रंगवणाऱ्याचा हात तिच्यावर रागावलेला नाही. वर ताणलेले हात, तिरकी नजर, ओठांवरचं समाधान, सगळं किती मायेनं रंगवलंय! होगार्थने १७५३च्या आपल्या पुस्तकात सौंदर्याची म्हणून जी नागमोडी रेषा मांडली, ती मला तिच्या अंगाच्या वळणात आधीच दिसते. छापात ती नुसती बेफिकीर बाई वाटते. तैलचित्र समोर ठेवून रंगवायला बसलं की ती तरुण आहे, हे आधी जाणवतं.

नवऱ्याच्या मानेवरचा काळा ठिपका मुद्दाम शेवटी ठेवलाय. तो गुप्तरोगाची खूण आहे आणि सहाव्या चित्रात त्यांच्या लेकराच्या गालावर तसाच डाग दिसतो. दोन्हीकडे काळा एकच हवा, म्हणून आयव्हरी ब्लॅकमध्ये अंबर मिसळून त्याचा नमुना कॅनव्हासच्या तुकड्यावर लावून ठेवलाय.

पुढचं काम मागच्या दालनाचं : संतांची चित्रं, आणि त्यांच्याच रांगेत पडद्याआडून फक्त उघडं पाऊल दाखवणारं एक चित्र. त्यानंतर घड्याळ, ज्याच्या नक्षीत पानांमध्ये मासे आहेत आणि वर मांजर बसलंय. मांजराच्या डोळ्यांसाठी शून्य नंबरचा ब्रश जाड पडतोय. इतक्या बारीक कामासाठी सेबलच्या (या प्राण्याच्या केसांच्या) ब्रशाला सोडून दुसरं काही कुणी वापरत असेल तर जरूर सांगा.